कोगिलाच्या इंजिनाचे आठ बोल्ट

बुनतोंग, इपोह
४ मार्च १९९९

कदिरेसन माप्पिळ्ळै,

माप्पिळ्ळै म्हटलं ते तू घरचा जावई म्हणून, पण नमस्कार घालत नाही. तू पेटीत एक ओळ लिहून टाकली नाहीस, मग मी तरी कशाला घालू?

काल क्लांगच्या बसने बिस्किटांचं एक खोकं आलं. आत तमिळ पेपरात गुंडाळलेले चार कनेक्टिंग रॉड. कुणी पाठवले, कशासाठी, काही नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "काय आहे हो आत?" म्हटलं, "आमच्या बहिणीच्या नवऱ्याचा माज."

रात्री कोगिलाचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. जपानहून अर्ध्या कापून आलेल्या कुठल्याशा गाडीचं अठराशे सीसीचं इंजिन तू घेतलंस, त्याला टर्बो बसवतो आहेस, आणि अकरा एप्रिलला बातू तिगाच्या शर्यतीत ती गाडी माझी बहीण चालवणार. तू नाही, ती. पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवणारी बाई. तुझं पोट स्टिअरिंगला अडतं हे ती म्हणाली आणि ते मला पटलं. ती हलकी आहे, तिचा पाय झटपट आहे, हेही खरं. म्हणून बसवतोस तिला?

तीन वर्षांपूर्वी देवळाच्या हॉलमध्ये मी पायसम न खाता पानावरून उठलो, कारण तू भर पंगतीत म्हणालास की मी बोअर केलेला इंजिनाचा ब्लॉक वाकडा होता. ब्लॉक वाकडा नव्हता. पण ते असो. तुझ्याशी बोलायचं नाही हे मी ठरवलंय आणि फोनवर तुझा आवाज आला की मी ठेवून देतो. लिहावं लागतंय ते तिच्या मानेसाठी.

तू या रॉडमध्ये जुनेच बोल्ट ठेवलेस. आणि कोगिला सांगते, वरच्या हेडला मात्र सोनेरी अमेरिकन स्टड-बोल्ट घेतलेस. का नाही घेणार? वरचं झाकण काढलं की ते चारचौघांना दिसतात. रॉडचे बोल्ट इंजिनाच्या पोटात, ते कोण बघणार?

नीट वाच. टर्बोचा दाब हेडला वर ढकलतो हे खरं. हेडचा स्टड हरला तर गॅस्केट जाईल, पांढरा धूर निघेल, लोक हसतील आणि तुम्ही गाडी ढकलत घरी न्याल. रॉडचा बोल्ट हरला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. गरम तेल चाकांखाली आणि लाल झालेल्या एक्झॉस्टवर. गाडी दोनशेच्या वेगात आणि आत कोगिला. आधी कुठला बोल्ट निवडायचा, हे तुला अजून कळत नसेल तर तू वर्कशॉप बंद करून डोसे विक.

तुझे आठही जुने बोल्ट मी भंगारात टाकले. विचारायची गरज वाटली नाही. नवे सिंगापूरहून मागवतोय.

तनबालन

*

क्लांग
९ मार्च

मच्चान,

तीन वर्षांनी तोंड उघडलंस ते भुंकायलाच!

माझे बोल्ट भंगारात टाकलेस? माझे? तुला फक्त रॉडची तोंडं गोल करून द्यायला सांगितलं होतं. म्हणजे मी नव्हतं सांगितलं, पण पेटी पाठवली याचा अर्थ तेवढाच होतो. क्लांगमध्ये ते मशीन चांगलं चालवणारा एक जरी माणूस असता तर तुझ्या दारात मी खिळासुद्धा पाठवला नसता. पेटी कोगिलाने बांधली. म्हणाली, अण्णाच्या हाताला जोड नाही. मी म्हटलं, हाताचं सोड, जिभेलाही नाही.

यार्डवाला आ-फुक याच बोल्टांवर टर्बो चढवून तीन गाड्या पळवतो. एकीचाही रॉड बाहेर आला नाही. पण आ-फुकला काय कळतं, नाही का? जगात कळतं ते एका बुनतोंगच्या तनबालनला.

साखरपुड्याचा दिवस आठवतो? मी नवी वेष्टी नेसून, गळ्यात हार घालून तुझ्या दारात गाडीतून उतरलो. सगळी म्हातारी मंडळी बाहेर उभी. आणि तू, पोरीचा सख्खा भाऊ, ओवाळणीचं ताट बाजूला सारून सरळ माझ्या गाडीचं बॉनेट उघडलंस. म्हणालास, "टायमिंग चुकलंय. मेकॅनिक म्हणवतो ना हा?" आणि तिथेच पाना मागवून नीट करून दिलंस. नवरदेव हार घालून उभा, वाजंत्रीवाले हसतायत. पुढे लग्न झालं, घर झालं, वर्कशॉप झालं. या अकरा वर्षांत "कदिर, हे तुझं बरोबर आहे" असं एकदा तरी तुझ्या तोंडून निघालंय?

तू मला पाण्यात पाहतोस. पाहा. पण कोगिला माझी बायको आहे आणि तिच्या मानेची काळजी मला तुझ्याकडून शिकायची नाही. ती गाडी चालवते कारण तिला आवडतं. गेल्या खेपेला जिंकून आली तेव्हा दोन दिवस घरात गाणी म्हणत होती. हे तुला सांगितलं नसेल तिने, कारण तू ऐकून घेतलं नसतंस.

पाठव तुझे बोल्ट. मला घरात शांतता हवी आहे. पण सोनेरी स्टड राहणार म्हणजे राहणार.

कदिरेसन

*

बुनतोंग, इपोह
१७ मार्च

कदिरेसन,

टायमिंग चुकलेलंच होतं.

रॉड पाठवतोय, नव्या बोल्टांसकट. नुसते नवे बोल्ट ठोकून दिले नाहीत. जाड बोल्ट आत गेला की रॉडचं तोंड किंचित अंडाकार होतं, म्हणून बोल्ट बसवून, आवळून, मग तोंडं गोल केली आहेत. प्रत्येक रॉडवर आणि त्याच्या कॅपवर क्रमांक ठोकलाय. कॅपांची अदलाबदल करू नकोस. हे तुला माहीत आहे, पण तुझ्या वर्कशॉपमध्ये सगळं एका डालडाच्या डब्यात जातं हेही मला माहीत आहे.

आता मुख्य गोष्ट. बोल्ट आवळला की तो केसभर ताणला जातो. त्या ताणावरच कॅप धरून राहते. कमी ताणला तर सैल, जास्त ताणला तर मेला. मेलेला बोल्ट पुन्हा सैल केला तरी जिवंत होत नाही. दुकानदाराने बोल्ट सुटे दिले, सोबत कागद नव्हता, म्हणून मी स्वतः टेबलावर डायल लावून एकेक मापला. पेटीत काळा लेप आहे तो आट्यांना आणि डोक्याखाली लाव, आणि जोर मापणारा पाना चाळीसवर ठेव. चाळीस. इंजिनाच्या जपानी पुस्तकातला पंचावन्न हा आकडा साधं तेल लावलेल्या बोल्टाचा आहे, तो इथे चालणार नाही.

बसवून झालं की ताण मापायला डायल लागेल. तुझ्याकडे नसणार. हवी असेल तर माझी पाठवतो. दोन दिवसांत परत कर.

तनबालन

*

क्लांग
२१ मार्च

मच्चान,

चाळीस?

मी पत्र तिरकं धरून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. चाळीसच लिहिलंय.

मला तू किती बावळट समजतोस तेवढं सांग. जपानी पुस्तकात जुन्या, बारीक बोल्टांना पंचावन्न लिहिलंय. तू जाडे, तगडे, अमेरिकन बोल्ट पाठवलेस आणि त्यांना म्हणे चाळीस. तगडा बैल आणला आणि म्हणे याला निम्मीच गाडी जुंप. चाकाचे नटसुद्धा मी याच्या दुप्पट आवळतो.

मी चाळीसवर आवळणार, बोल्ट सैल राहणार, अकरा तारखेला सगळ्या क्लांगसमोर इंजिन फुटणार आणि तू इपोहमध्ये बसून म्हणणार, "मी सांगितलं होतं, याला काम येत नाही." हेच ना? देवळाच्या हॉलमधला हिशोब असा चुकता करायचा विचार आहे होय? त्यात तुझी बहीण बसलीय याचं तरी भान ठेवायचं होतंस.

लेप चांगला आहे, तो वापरीन. आकडा माझा. पंचावन्न.

डायल पाठवू नकोस. तीही तुझ्यासारखीच बोलणार.

कदिरेसन

*

बुनतोंग, इपोह
२५ मार्च

अरे मूर्खा,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लेथ बंद केलं आणि अर्धा दिवस नुसता बसून राहिलो. मी माझ्या बहिणीला मारायला निघालोय? हे लिहिताना तुझा हात कसा चालला?

बैलाचं सोड, बांगडीचं ऐक. कोगिलाच्या हातात काचेची बांगडी घाल. कोरड्या हातावर जोर लावला की ती गाठीपाशी अडते. साबण लाव आणि तेवढाच जोर दे, बांगडी कोपरापर्यंत जाईल. जोर तोच, पण गेली किती पुढे बघ. हा काळा लेप म्हणजे साबण आहे. तेल त्याच्यापुढे कोरडा हात. तेलात पंचावन्नचा निम्म्याहून जास्त जोर नुसता घासण्यात जातो. लेपात तो सगळा बोल्ट ताणण्यात जाईल. लेप आणि पंचावन्न एकत्र आले की तुझे आठही बोल्ट तिथेच मरतील. बाहेरून चकचकीत दिसतील आणि आतून मेलेले असतील. शर्यतीत तिसऱ्या गिअरला त्यातला एक तुटेल.

यापेक्षा सोपं करून मला सांगता येत नाही. तुला माझ्याविषयी जे वाटायचं ते वाटू दे. मला शिव्या घाल, गावभर माझी बदनामी कर. चाळीसवर आवळ.

तनबालन

*

क्लांग
२८ मार्च

पंचावन्न.

क.

*

बुनतोंग, इपोह
१ एप्रिल

चि. कोगिला हिस,

तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहितोय, म्हणजे हे त्याच्या हाती पडणार नाही.

तुझा नवरा हट्टाला पेटलाय. मी चाळीस म्हटलं म्हणून तो पंचावन्न म्हणतो. मी जर पूर्वेला सूर्य उगवतो म्हटलं तर तो खुर्ची घेऊन पश्चिमेला बसेल. त्याला समजावून सांगायचे सगळे मार्ग मी करून पाहिले. आता एकच उरला. मी त्याला लिहितोय की तुझंच बरोबर, पंचावन्नवरच आवळ, मी चुकलो. गोड गोड लिहिणार आहे. ते वाचलं की त्याला वाटेल यात काहीतरी काळंबेरं आहे, आणि तो मुकाट्याने चाळीसवर आवळेल. मी त्याला अकरा वर्षं ओळखतो.

तू यात तोंड घालू नकोस, नाहीतर त्याला संशय येईल. फक्त गप्प राहा.

गाडी चालवू नकोस असं मी म्हणालो तर तू ऐकणार नाहीस. म्हणून म्हणत नाही.

तुझा अण्णा

*

बुनतोंग, इपोह
२ एप्रिल

प्रिय कदिर,

पेनांगला आमचे एक जुने उस्ताद आहेत. काल त्यांच्याकडे गेलो होतो, तुझं म्हणणं त्यांच्यापुढे ठेवलं. ते म्हणाले, तुझा मेहुणा बरोबर सांगतो. जाडा बोल्ट, टर्बोचं इंजिन, पंचावन्नच हवं. मी टेबलावर मापताना चुकलो असणार. वय होत चाललंय.

तू बरोबर होतास. पंचावन्नवर आवळ.

एक आणखी. गेल्या दिवाळीला कोगिला गाडी घेऊन आली होती, तेव्हा तू जोडलेला एक्झॉस्टचा मनीफोल्ड मी पाहिला. इतकी सरळ वेल्डिंग इपोहमध्ये कुणाच्या हाताला नाही. माझ्याही नाही. हे आधी सांगायला हवं होतं.

शर्यतीसाठी शुभेच्छा.

तुझा,
तनबालन

*

क्लांग
६ एप्रिल

मच्चान,

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी चेष्टा केली. अक्षर पाहिलं, तुझंच. मग काम थांबवून उभ्या उभ्या पुन्हा वाचलं. आ-फुक चहा प्यायला आला होता, त्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला तमिळ येत नाही, तरी ऐकून घेतलं बिचाऱ्याने.

आता तू एवढं मोकळं लिहिलंस तर मीही लिहितो. "पंचावन्न" एवढंच लिहून ते पत्र बसवर टाकलं त्याच संध्याकाळी मी कोगिलाला म्हटलं, तुझी एक बांगडी दे. साबण लावून घातली. कोरड्या हाताने घातली. पाच-सहा वेळा केलं. ती विचारते, काय वेड लागलंय का? तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुझंच खरं होतं. म्हटलं, मेलो तरी या माणसाला सांगणार नाही. आणि गुपचूप आठही बोल्ट चाळीसवर आवळले. इंजिन बंद केलं, गाडीत चढवलं, संपलं.

आणि मग तुझं हे पत्र. तू पेनांगला गेलास, माझ्यासाठी उस्तादांना विचारलंस, चूक कबूल केलीस. मी रात्री नीट जेवलो नाही. मला वाटलं, मी कसला माणूस आहे? तो मान खाली घालून सांगतोय आणि मी त्याच्या बांगडीवर अडून बसलोय. काल सकाळी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर पुन्हा उतरवला, आठही सैल केले आणि पंचावन्नवर आवळले. शेवटी शेवटी जरा मऊ लागत होते. म्हटलं, लेप आहे, असंच असणार. मच्चानने सांगितलंय म्हणजे विचार करूनच सांगितलं असेल. बहिणीच्या जिवाचा प्रश्न असताना तू खोटं लिहिणार नाहीस, एवढं तरी मी तुला ओळखतो.

मनीफोल्डचं लिहिलंस त्याबद्दल काय बोलू? ते पत्र मी पाकिटात घालून ठेवलंय.

अकराला तू ये. कोगिलाला सांगितलेलं नाही, तिला अचानक खूष करू. मागचं सगळं सोडून दे. पायसम मी स्वतः वाढतो तुझ्या पानावर.

तुझाच,
कदिर

*

बुनतोंग, इपोह
७ एप्रिल

कदिर,

गाडी चालू करू नकोस. कुणालाही चालू करू देऊ नकोस.

मी सकाळपासून तीनदा फोन केला. पहिल्या खेपेला तू "मच्चान!" म्हणून इतक्या आनंदाने ओरडलास की मी फोन ठेवून दिला. दुसऱ्यांदा मी म्हणालो, इंजिन उघड, बोल्ट मेलेत, तर तू हसलास. म्हणालास, "आता तूही थट्टा करायला शिकलास." तिसऱ्यांदा कुणी उचलला नाही.

ही थट्टा नाही. दोन तारखेचं पत्र खोटं होतं. मी पेनांगला गेलो नव्हतो. कुणी उस्ताद नाही. तू माझ्या उलट करशील म्हणून मी उलट लिहिलं. तू माझं ऐकशील असं मला वाटलं नव्हतं.

आठही बोल्ट काढून फेक. सैल करून पुन्हा चाळीसवर आवळलेस तरी चालणार नाही, ते गेलेत. या पेटीत नवे आठ आहेत, सिंगापूरहून मागवताना जादा घेतलेले, त्याच मापाचे, मी आत्ता मापून दिलेत. लेप. चाळीस. डायलही टाकली आहे.

तुला आता माझं कुठलं पत्र खरं मानावं हे कळणार नाही. कोगिलाला विचार. तिला मी शाळेच्या पत्त्यावर चिठ्ठी लिहिली होती, ती मागून घे आणि वाच. त्यात मी काय करणार ते आधीच लिहिलंय.

वाटेल ते कर, पण तिला त्या गाडीत बसवू नकोस.

तनबालन

*

क्लांग
१३ एप्रिल

अण्णा,

मी जिवंत आहे एवढंच तुला सांगून फोन ठेवला. आता लिहिते.

तुझी पेटी आठ तारखेला आली. त्याने ती उघडली, पत्र वाचलं आणि पेटी टेबलाखाली ढकलली. म्हणाला, "तुझ्या भावाला मान खाली घातल्याचा पस्तावा झाला. आता मला शर्यतीला मुकवायला बघतोय." तो चिडला नव्हता, अण्णा. त्याला वाईट वाटलं होतं. तुझं दोन तारखेचं पत्र त्याच्या खिशात होतं आणि ते खरं असावं असं त्याला वाटत होतं.

मी आत गेले आणि तुझी चिठ्ठी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. "गोड गोड लिहिणार आहे" हे तुझ्या हातचं त्याने वाचलं. मग तो उठला आणि गाडीखाली गेला.

आठ बोल्ट काढून त्याने टेबलावर मांडले आणि नव्या बोल्टांशी मापून पाहिले. आठही लांब झाले होते. एकाला मधोमध बारीक कंबर आली होती, मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. त्याने एकही शिवी दिली नाही. तुला माहीत आहे, तो पाना हातातून निसटला तरी पाच शिव्या देतो. मला भीती वाटली ती तेव्हा.

नवे बोल्ट चाळीसवर आवळले. तुझ्या डायलने मापले, प्रत्येकाचा ताण इंचाचे सहा हजारांश, हवा तेवढाच आला. रविवारी मी गाडी चालवली. दुसरी आले. इंजिन उत्तम आहे, खालून वरपर्यंत एकसारखं ओढतं.

तुझ्यावर रागावले आहे आणि माझ्यावरही. तू गप्प राहा म्हणालास आणि मी गप्प राहिले. तुम्ही दोघे माझ्या मानेवर एकमेकांशी ईर्ष्या करत होतात आणि मी चिठ्ठी पर्समध्ये घालून वर्गात पाढे म्हणवून घेत होते. पण तुझा गुन्हा मोठा आहे. तू सगळं मापलंस, बोल्ट मापलेस, लेप मापलास, त्याचा हट्टसुद्धा मापलास. तो तुझ्यावर विश्वास ठेवेल ही एकच गोष्ट तू धरली नाहीस. तुझ्या एका चांगल्या शब्दासाठी तो अकरा वर्षं थांबला होता, हे मला माहीत होतं. तुला कसं कळलं नाही?

तमिळ नववर्षाला आम्ही येणार नाही. अम्माच्या तसबिरीला माझ्याकडून हार घाल.

कोगिला

*

क्लांग
१६ एप्रिल

श्री. तनबालन यांस,
स. न.

आपण पाठवलेले रॉड आणि बोल्ट उत्तम बसले. काम नेमकं होतं. आपली डायल या पेटीतून परत पाठवत आहे, कापसात गुंडाळली आहे, पोचल्यावर एकदा तपासून घ्यावी.

रॉडला कुठले बोल्ट आधी हवेत याबद्दल आपलं म्हणणं बरोबर होतं. आकड्याबद्दलही बरोबर होतं. हे लिहायला मला जड जात नाही.

यापुढे मशीनचं काम मी शाह आलम शहरातल्या एका दुकानाला देणार आहे. आपल्याला तसदी देणार नाही. कोगिलाला माहेरी यायचं असेल तेव्हा ती येईल, मी तिला अडवणार नाही.

आपलं दोन तारखेचं पत्रही सोबत जोडलं आहे. ते माझ्याकडे ठेवण्याचं काही कारण राहिलं नाही.

आपला,
म. कदिरेसन

*

बुनतोंग, इपोह
२२ एप्रिल

कदिर,

हे "आपण" आणि "तसदी" कुठून आणलंस? मला ते सोसत नाही. तुझं पत्र दुकानात कुणासमोर वाचवलं नाही, मागे कोळशाच्या खोलीत जाऊन वाचलं. त्यापेक्षा गाढव म्हण. बॉनेटवाला म्हण. भर देवळात उभा राहून माझे सगळे ब्लॉक वाकडे आहेत म्हण, मी पानावरून उठणार नाही. तू शिव्या घालायचास तोवर मला माझी एक जागा होती तुझ्याकडे. आता तू माझ्याशी पोस्टमास्तरासारखा बोलतो आहेस.

मी कोगिलाच्या जिवाशी खेळलो. त्याची शिक्षा ती देते आहे आणि देऊ दे. तुझ्याशी मी काय केलं हे मला तिने लिहिलं तेव्हाच कळलं. मी तुझा हट्ट ओळखला होता. त्याखाली काय आहे हे बघायची मला कधी गरजच वाटली नव्हती.

दोन तारखेचं पत्र तू परत केलंस. मी ते पुन्हा वाचलं. त्यात पेनांग खोटं आहे, उस्ताद खोटा आहे, पंचावन्न खोटं आहे. मनीफोल्डचं तेवढं खरं आहे. दिवाळीला कोगिला आत अम्माच्या तसबिरीपाशी बसली होती तेव्हा मी बॅटरी घेऊन तुझ्या गाडीखाली आडवा झालो होतो. चूक काढायलाच गेलो होतो. बराच वेळ शोधली. सापडली नाही. चारही नळ्यांचे सांधे मी बोटाने चाचपून पाहिले आणि बाहेर आल्यावर कुणाला काही बोललो नाही. ते तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी ते ठेवून दिलं आणि तुला फसवायची वेळ आली तेव्हा वापरलं, कारण खोट्यात मिसळायला मला एक खरी गोष्ट हवी होती.

हे आता तू मानणार नाहीस. का मानावंस? मी तुझ्या जागी असतो तर मीही मानलं नसतं.

तनबालन